गच्चीवर बियांपासून भाजीपाला : आठ महिन्यांनंतर

मृगात सुरुवात केली, आता फेब्रुवारी सरत आलाय. राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर वीस पिशव्या, रोपांचा ट्रे, पाच किलोची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट आणि बियांची पाकिटं, एवढंच सामान. नर्सरीतली तयार रोपं सोडून बीपासून सुरू करणं जमतं का, असं ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून लिहितेय.

जमतं, पण कोल्हापूरच्या पावसात टोमॅटो, मिरचीचं बी उघड्यावर टाकू नका. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली. टोमॅटोही छान उगवला, आणि जुलैच्या झडीत रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत आडवी झाली. सतत ओल्या मातीत बुरशीने होणारी ही मर. 98 खाचांच्या ट्रेमध्ये अकरा रोपं उरली तेव्हा खरंच रडू आलं. गणपतीनंतर पुन्हा पेरलं. या वेळी कोकोपीट दोनदा धुवून पिळून घेतलं, ट्रे पत्र्याखाली ठेवला आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी दिलं नाही. ऐंशीच्या वर रोपं जगली.

मिरचीच्या पाकिटाने मात्र निराश केलं. ओल्या फडक्यात वीस बिया गुंडाळून ठेवल्या, दोन आठवड्यांत सातच मोडावल्या. पाकीट उलटून पाहिलं तर मुदत तीन महिन्यांपूर्वीच संपलेली. मिरचीची उगवण निदान 60 टक्के तरी हवी. दुकानदाराने बदलून दिलं नाही. तेव्हा पैसे देण्याआधी मागची तारीख वाचा.

सगळ्यात जास्त शिकले ते मातीच्या बाबतीत. गुऱ्हाळावरून चिपाडाचा भुगा फुकट मिळाला, तो मी तसाच मातीत कालवला. पंधरा दिवसांत पानं पिवळी. शिरोळची मामी आली होती, तिने पिशवीत हात घातला आणि म्हणाली, "अगं, कच्चंच घातलंस व्हय? कुजू दे की आधी!" कच्चा भुगा कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो, झाडाला काही उरत नाही. आता भुगा शेणखताबरोबर कुजवूनच वापरते, आणि उसाचं पाचट नुसतं वर अंथरते. हिवाळ्यात त्यामुळे एक दिवसाआड पाणी पुरलं.

मामीनेच राखेत ठेवलेलं कृष्णाकाठच्या वांग्याचं बी दिलं होतं. विकतच्या एकाही पाकिटाला त्याची सर नाही. जवळजवळ सगळं उगवलं, जानेवारीपासून आठवड्याला भरल्या वांग्यांपुरती वांगी निघतायत. भेंडी उशिरा लावल्यामुळे थंडीत खुरटली. कोथिंबिरीचे धणे रगडून टाकले की बरी येते.

टोमॅटो संकरित आहे, त्याचं बी धरण्यात अर्थ नाही, पुढचं झाड तसं येत नाही. वांग्याचं मात्र धरणार. सगळ्यात जोमदार झाडावर दोन वांगी पिवळी व्हायला तशीच ठेवलीत, सासूबाईंनी चुलीची राखही चाळून ठेवलीय.