तीन मिनिटांत मावलेले गोविंदराव टेंबे

धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये एक काका जुन्या तबकड्यांवरचं गाणं पेनड्राइव्हवर उतरवून देतात. आजोबांच्या ट्रंकेतल्या चार तबकड्या आईच्या जुन्या साडीत गुंडाळून अमळनेरहून बसने नेल्या. "बठा भाऊ," म्हणत काकांनी एकेक उजेडाकडे तिरपी धरली. पुसायला मी स्पिरिट नेलं होतं, ते त्यांनी आधी पिशवीत परत ठेवायला लावलं. तबकडी लाखेची, स्पिरिटने खराब होते. ओलसर फडकं, मऊ ब्रश आणि दर बाजूला नवी सुई.

मग बालगंधर्वांचं 'नाही मी बोलत नाथा' लागलं. 1911 च्या 'मानापमान' या संगीत नाटकाचं संगीत टेंब्यांचं. मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवतो. टेंबेही मुळात पेटीवाले, म्हणून त्यांच्या चालीत कुठली सुरावट बोटांतून आली असेल ते शोधत ऐकतो. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू, पण अंगावर काटा आला. काकांनी खरखर मुद्दाम थोडी राहू दिली, नाहीतर गळ्याची धारही गेली असती.

आठवडा सांगून तीन आठवडे लावले, एवढीच तक्रार. तडकलेल्या तबकडीचे पैसे मात्र घेतले नाहीत. उरलेल्या नऊ दिवाळीनंतर नेतोय.