पीएफचं ऑनलाइन पासबुक: ठेकेदाराचा हिशोब पडताळण्यापुरतं उत्तम, पुढे अर्धवट

चाकण, भोसरी किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात ठेकेदाराकडून लागलेल्या कामगाराला पगारचिठ्ठी मिळते ती ठेकेदारानेच छापलेली. तिच्यावर 1,800 रुपये कपात लिहिली म्हणजे ती भरली असं नव्हे. ईपीएफओ म्हणजे पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था; तिच्या पासबुकात मात्र ठेकेदाराला खाडाखोड करता येत नाही. ही सेवा वापरायची ती याचसाठी.

12 आकडी यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर) आणि आधारला जोडलेला चालू मोबाईल नंबर लागतो. यूएएन ॲक्टिव्हेट केल्यावर पासबुक दिसायला 6 तास लागतात. तोवर पासवर्ड बदलत बसू नये. साधा फोन असेल तर नोंदवलेल्या नंबरावरून 9966044425 ला मिस्ड कॉल दिला की शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजने येते. पण चोरी पकडायची तर पासबुकाचे रकानेच पाहावे लागतात.

15,000 वेतनावर कामगाराचे 1,800, मालकाचे 550 आणि पेन्शनचे 1,250 दिसले पाहिजेत. ‘मालकाने कमी भरले’ अशी ओरड इथेच होते, पण 550 आणि 1,250 मिळून मालकाचे 12 टक्के पूर्ण होतात. पगारचिठ्ठीवर 1,800 आणि पासबुकात 900, 275, 625 असेल, तर भरणा 7,500 वर झालाय. म्हणजे हजेरी तरी निम्मी दाखवली किंवा वेतन तरी. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, त्यामुळे 20 च्या आसपास पाहावं. व्याजाची नोंद उशिरा पडते, त्यात ठेकेदाराचा दोष नाही.

ठेका बदलला की माणूस त्याच मशीनवर, पण मेंबर आयडी, म्हणजे त्या ठेकेदाराकडच्या पीएफ खात्याचा नंबर, नवा. यूएएन मात्र तोच राहिला पाहिजे. नव्या ठेकेदाराने दुसराच काढला तर नोकरीची वर्षं तुटक दिसतात, आणि पेन्शनला 10 वर्षं लागतात. जुन्याने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर 2 महिन्यांनी आधार ओटीपीवर स्वतः टाकता येते. ही सोय खरोखर चांगली.

कमी पडतं ते पुढे. भरणा चुकला तर पासबुक गप्प राहतं. तक्रारीसाठी ईपीएफओचंच ईपीएफआयजीएमएस हे वेगळंच पोर्टल. तिथे पगारचिठ्ठी, बँकेतली पगाराची नोंद आणि कंपनीचं नाव असलेला गेटपास जोडावा. ठेकेदाराने बुडवलं तरी मुख्य मालकाची, म्हणजे कंपनीची, जबाबदारी सुटत नाही, म्हणून कंपनीचं नाव तक्रारीत हवंच. एकट्याने केली तर ‘उद्यापासून येऊ नको’ ऐकावं लागतं. त्याच महिन्यांची तफावत असलेल्या दहा-बारा जणांनी युनियनमार्फत करावी, किंवा दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात भरणाऱ्या ईपीएफओच्या ‘निधि आपके निकट’ शिबिरात मिळून जावं. पासबुकाच्या प्रिंट सोबत घ्याव्यात, आणि तफावतीच्या महिन्यांपुढे पेनने खूण करून.