परदेशी भाषेचा वर्ग: ॲपवर भर द्यावा की विषयावर?

नव्या सत्राचा आराखडा आखताना परदेशी भाषेच्या शिक्षकापुढे सध्या दोन वाटा असतात. एक तंत्रज्ञानाची: ॲप, फ्लॅशकार्ड, उच्चार तपासणारं सॉफ्टवेअर, चॅटबॉट. दुसरी विषयातून भाषा शिकवण्याची, म्हणजे विज्ञानाचा किंवा भूगोलाचा धडाच त्या भाषेत घेण्याची. युरोपात १९९४ पासून या दुसऱ्या पद्धतीला 'क्लिल' हे नाव आहे. थोडंथोडं दोन्हीकडचं घेऊ, असं ठरवायचा मोह होतो. पण तासिकेचा वेळ मोजकाच असतो, त्यामुळे मध्यभागी काय ठेवायचं याचा निर्णय टाळता येत नाही.

शब्द लक्षात ठेवण्यात तंत्रज्ञान निर्विवाद सरस आहे. शिकलेलं किती वेगानं विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. विसरायच्या बेतात असलेला शब्द नेमका तेव्हाच पुन्हा समोर आणायचा, हे आजच्या फ्लॅशकार्ड ॲपमागचं तत्त्व त्यातूनच आलं. तीस मुलांच्या वर्गात कोणाला कोणता शब्द कधी दाखवायचा, याचा हिशेब एकट्या शिक्षकाला ठेवता येणार नाही. ॲप तो सहज ठेवतं. उच्चाराचंही तसंच. चारचौघांत बोलायला लाजणारं मूल हेडफोन लावून एकच वाक्य वीस वेळा म्हणू शकतं, त्याला हसणारं कोणी नसतं.

उणीव दिसते ती स्वतःहून बोलायची वेळ आल्यावर. अनेक ॲपमध्ये पर्याय समोर दिलेले असतात. त्यांतला बरोबर ओळखणं वेगळं आणि काही नसताना आठवून वाक्य जुळवणं वेगळं. शिवाय ते वाक्य दुसऱ्या कोणाचं तरी असतं, मुलाला ते कोणाला सांगायचं नसतं.

विषयातून शिकवताना नेमका इथे फरक पडतो. पाण्याच्या अवस्थांचा धडा जर्मनमध्ये घेतला, असं समजा. बीकरमध्ये बर्फ, त्यात थर्मामीटर, खालून मंद आच. फळ्यावर एकच साचा: 'वेन डी टेम्पराटुअर श्टाइग्ट...', म्हणजे 'तापमान वाढलं की...'. पुढचं मुलांनी पूर्ण करायचं. बर्फ वितळू लागतो, पण पारा शून्यापाशीच अडून राहतो. आच चालू आहे, तरी तापमान का वाढत नाही? हा प्रश्न मुलांना खरोखर पडतो आणि तो विचारायला त्यांना जर्मनच लागतं. 'वेन' आलं की क्रियापद त्या उपवाक्याच्या शेवटी, हा नियम एका तासात दहा-बारा वेळा घोटला जातो आणि दर वेळी सांगण्यासारखं काहीतरी असतं.

पण यालाही मर्यादा आहेत आणि त्या जुन्या अनुभवातून ठाऊक झालेल्या आहेत. कॅनडातल्या सेंट लॅम्बर्ट इथे १९६५ मध्ये पालकांच्या आग्रहावरून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. पुढे असे वर्ग देशभर निघाले. मुलांचं ऐकून आणि वाचून समजणं फार चांगलं झालं, विषयांतही ती मागे पडली नाहीत. मात्र बोलण्या-लिहिण्यात लिंग आणि काळाच्या चुका वर्षानुवर्षं टिकून राहिल्या. कॅनडातल्या भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावर मुद्दा मांडला की, भरपूर ऐकणं-वाचणं पुरत नाही, मुलांना नेमकं बोलायला आणि लिहायलाही लावावं लागतं. म्हणून जिथे शिक्षक बोलतो आणि मुलं नुसती मान डोलावतात, तो क्लिलचा वर्ग मला तरी अर्धाच वाटतो.

दुसरी अडचण पातळीची. रोजच्या गप्पांची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी परदेशातून आलेल्या मुलांच्या अभ्यासातून दाखवलं. ती मुलं तर त्या भाषेच्याच देशात राहत होती. ए-वन, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरच्या सर्वांत पहिल्या पातळीवरच्या वर्गाला प्रकाशसंश्लेषण पूर्ण शिकवायला गेलात, तर विषयही जाईल आणि भाषाही.

तयारीचा भारही मोठा. तयार ॲप आजही सुरू करता येतं. विषयाच्या एका घटकासाठी मात्र सोपा केलेला उतारा, आकृत्या आणि वाक्यांचे साचे हाताने तयार करावे लागतात. चॅटबॉट उतारा सोपा करून देतो, ही मोठी सोय आहे. पण तो चुकीची गोष्टही ठामपणे लिहितो, म्हणून विषय जाणणाऱ्या कोणीतरी तो तपासायलाच हवा.

माझं मत सांगतो. अगदी नवशिक्यांसाठी पहिले काही महिने शब्द आणि उच्चार ॲपवर सोपवा, तेही घरी. तासिकेत एकमेकांशी बोलणं होऊ द्या. ए-टू, म्हणजे त्यापुढची पातळी आली की विषय मध्यभागी आणा. सगळा अभ्यासक्रम बदलायची गरज नाही. तुमची ज्यात गती आहे असा एक घटक तीन-चार आठवड्यांसाठी निवडा आणि फ्लॅशकार्डचा संच त्याच घटकातल्या शब्दांचा करा, बाजारातला तयार संच नको. परीक्षा तोंडावर असलेल्या प्रौढांचं वेगळं, त्यांना प्रश्नपत्रिकेचाच सराव द्यावा.

आणि गुण कशाला द्यायचे, ते घटक सुरू करण्याआधीच ठरवा. बर्फ वितळताना तापमान का थांबतं, हे मुलानं बरोबर सांगितलं पण नामाचं लिंग चुकवून 'डेर'च्या जागी 'डी' म्हटलं, तर आशयाचे गुण पूर्ण द्यावेत, भाषेचे वेगळ्या रकान्यात मोजावेत. मुलांनाही हे दोन रकाने पहिल्याच दिवशी दाखवा.