पासपोर्ट रिन्यू: गल्फमध्येच करायचा की सुट्टीला बेळगावला आल्यावर?

आमच्या आत्याचा मुलगा यूएईत अजमानला असतो, त्याचा पासपोर्ट येत्या फेब्रुवारीत संपतोय आणि गणपतीला तो महिनाभर गावी यायचाय, तर परवा फोनवर विचारत होता, दादा, इथंच करून घेऊ की गावी आल्यावर? हाच प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी कोण ना कोण विचारतंय. मी दोन्हीकडनं करून बघितलंय, २०१४ ला सुट्टीत गावी आणि २०२३ ला शारजात राहून, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. फॉर्म कसा भरायचा, अपॉइंटमेंट कशी घ्यायची हे आता सगळ्यांना येतंय, त्यात शिरत नाही.

आधी पैशाचं उरकून टाकतो. गावी ३६ पानांच्या साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ असेल तर वर आणखी २,०००. मी शारजात केला तेव्हा भारतीय कॉन्सुलेटची फी २८५ दिरहम आणि वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज, फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याचे पैसे, फोटो, टॅक्सी. नुसती फीच आपल्या हिशोबानं साडेसहा हजारांच्या आसपास जाते. म्हणजे पैशात गाव स्वस्त, त्यात वादच नाही, आणि ज्याचा पगार हजार-बाराशे दिरहम आहे त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही हे मला माहीत आहे. मी स्वतः त्या पगारावर चार वर्षं काढलीत.

हेलपाट्यांचं म्हणाल तर पूर्वीपेक्षा गावी खूप बरं झालंय. २०१४ ला बेळगावात काहीच नव्हतं, हुबळीला जावं लागायचं, पहाटे पाचला निघून शंभरेक किलोमीटर, आणि एखादी झेरॉक्स विसरली तर दिवस गेला. आता बेळगावच्या हेड पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र झालंय. शिवाय २०१८ पासून देशात कुठल्याही केंद्रात अर्ज करता येतो, त्यामुळं निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं, तिकडच्या पोस्टातल्या केंद्रात गेलं तरी चालतं. माझ्या एका निपाणीच्या मित्रानं तसंच केलं. फक्त एक ध्यानात ठेवा, अर्ज कोल्हापुरात दिला म्हणून पोलीस व्हेरिफिकेशन कोल्हापूरचे पोलीस करत नाहीत, ते तुमचा पत्ता जिथला आहे तिथलंच पोलीस स्टेशन करतं. पत्ता निपाणीचा तर व्हेरिफिकेशन निपाणीतच.

आणि माझी गाडी अडली ती नेमकी इथंच.

२०१४ च्या मे महिन्यात मी तीस दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो, धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पासपोर्टला सात महिने शिल्लक होते, म्हटलं आलोच आहे तर करून घेऊ. चौथ्या दिवशीची हुबळीची अपॉइंटमेंट मिळाली, सगळं व्यवस्थित झालं, शेवटच्या काउंटरवर जुना पासपोर्ट कॅन्सल करून परत दिला. त्या क्षणाला मला काही वाटलं नाही. नंतर बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आता माझ्याकडं चालू पासपोर्टच नाही, व्हिसा आहे, तिकीट आहे, नोकरी आहे, पण नवा पासपोर्ट येईपर्यंत मी देशाबाहेर पाऊल टाकू शकत नाही. शारजात असताना असं कधी वाटलं नसतं, कारण तिथं रोज उठून कामावरच जायचं असतं.

मग व्हेरिफिकेशन. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे कार्यालयात, घराला कुलूप, आणि बीटचा पोलीस येऊन गेला. त्यानं शेजारी विचारलं, हा इथं राहतो का? शेजारच्या काकांनी खरं तेच सांगितलं, तो दुबईला असतो, आठ वर्षं झाली. काकांना वाटलं पोराचं कौतुक सांगतोय. आमच्याकडं शारजा काय, मस्कत काय, सगळं दुबईच. पण अर्जात मी सध्याचा पत्ता म्हणून गावचं घर दिलेलं, त्यामुळं रिपोर्ट गेला की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. फाइल तिथंच थांबली. आम्हाला हे कळलं तेरा दिवसांनी, वेबसाइटवर स्टेटस बघितल्यावर.

तिथून पुढं बाबा आणि मी किती फिरलो ते आठवलं तरी अंगावर काटा येतो. ग्रामपंचायतीत पीडीओकडून (म्हणजे पंचायतीचा विकास अधिकारी) रहिवासी दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, परत पोलीस स्टेशन. तिथला कारभार कन्नडमध्ये, मला बोलायला येतं पण वाचायला अडखळतो, बाबांना मराठीच वाचता येतं, तेव्हा सही कशाच्या खाली करतोय हे गावातल्या हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. तिथला हवालदार माणूस चांगला होता, त्यानं चहा पाजला, पण तो म्हणाला ते मला अजून आठवतंय. म्हणाला, तू इथं राहत नाहीस हे तर खरंच आहे ना, मग मी काय लिहू? मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्यांदा व्हेरिफिकेशन झालं आणि पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी आला एक्केचाळीसाव्या दिवशी. तीस दिवसांची सुट्टी, तिकीट बुडालं, अकरा दिवसांचा पगार गेला, आणि कंपनीत साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळी. बहिणीच्या लग्नाचे फोटो बघताना मला अजूनही आधी ती फाइल आठवते, याचं वाईट वाटतं.

सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्या चुलत भावाचं दोन वर्षांमागं बेळगावच्या पोस्टातून बारा दिवसांत आलं, त्याच्या घरी पोलीस आला तेव्हा तो स्वतः दारात उभा होता. नशिबाचा भाग आहे, आणि घरी कोण आहे, शेजारी काय सांगतात याचाही आहे.

२०२३ ला मग मी ठरवूनच टाकलं की शारजातच करायचं. पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज देता येतो, मी नऊ महिने आधी दिला. (आपण रिन्यू म्हणतो पण तो रीइश्यू असतो, पुस्तिका नवी, नंबरही नवा.) त्रास तिथंही झालाच, फोटो एकदा रिजेक्ट झाला, चेहऱ्यावर सावली पडली म्हणून, गावी केंद्रातच कॅमेऱ्यानं काढतात त्यामुळं ही कटकट तिथं नसते. अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या दोन रजा गेल्या. टायपिंग सेंटरवाल्यानं जन्मगाव 'बेळगावी' टाकलेलं, माझ्या जुन्या पासपोर्टात इंग्रजीत 'बेलगाम' आहे कारण नाव बदललं नोव्हेंबर २०१४ मध्ये आणि माझा त्याआधीचा. मी ते जुन्यासारखंच करून घेतलं, कारण माझ्या बाकीच्या कागदांवर जे आहे त्याच्याशी ते जुळायला पाहिजे. तुम्हीपण सबमिट करायच्या आधी एक-एक अक्षर स्वतः वाचा, टायपिंगवाला केरळचा असो की पाकिस्तानचा, त्याला आपली आडनावं आणि गावं माहीत नसतात.

सतराव्या दिवशी पासपोर्ट आला. गावचा पत्ता छापून घेतला, कारण गावी बँकेत वगैरे तोच पुरावा म्हणून चालतो. कंपनीच्या पीआरओनं (सरकारी कामं बघणारा माणूस) व्हिसाच्या फाइलवर नवा नंबर चढवून दिला, बँकेत आणि सिमकार्डवाल्याकडं मी स्वतः जाऊन आलो. गावी करून गेलात तर हे सगळं परत गेल्यावर करावंच लागतं, शिवाय प्रवासात जुना-नवा दोन्ही पासपोर्ट एकत्र बाळगायचे.

आणि मग महिन्याभरानं गावी बाबांना पोलीस स्टेशनातून फोन आला. बाबा घाबरले, मला लगेच फोन केला. मी म्हटलं घाबरू नका, जे खरं आहे ते सांगा. बाबा गेले, तिथं विचारलं मुलगा कुठं असतो? बाबा म्हणाले, शारजाला असतो. बरोबर आहे, म्हणाले, अर्जात तेच आहे, आणि सही घेऊन सोडलं. नऊ वर्षांपूर्वी ज्या वाक्यानं माझी फाइल अडवली तेच वाक्य आता बरोबर उत्तर होतं. कारण बाहेरून अर्ज करताना राहायचा पत्ता बाहेरचा आणि कायमचा पत्ता गावचा, असं दोन्ही खरंखरं लिहिता येतं. शेजारी काय सांगतील याची धास्ती राहत नाही. फी किती, दिवस किती, या सगळ्यापेक्षा मला हेच मोठं वाटलं.

तरीही काही लोकांनी गावीच करावं असं मला वाटतं. नावात, जन्मतारखेत, आईवडिलांच्या नावात दुरुस्ती असेल तर मूळ कागद सगळे गावात, शाळेचा दाखला, एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्क्सकार्ड, नाडकचेरीचे (महसूल कार्यालयाचे) दाखले, ते तिकडून मागवत बसण्यापेक्षा लांब सुट्टी काढून गावीच करा. आपल्या भागात तर एकाच माणसाचं नाव मार्क्सकार्डावर एक, रेशन कार्डावर कन्नडमधून इंग्रजीत येताना शेवटी एक जादा 'ए' लागून दुसरं, आणि आधारवर तिसरंच असतं, ते आधी सरळ करायला पाहिजे. ज्यांच्या पासपोर्टावर अजून ईसीआर (काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते, असा शेरा) आहे आणि दहावी पास आहात त्यांनी कुठंही करा पण मार्क्सकार्ड जोडून तो ईसीआर काढून घ्या, नंतर दुसऱ्या देशात नोकरी मिळाली तर त्याच्यावरून विमानतळावर अडायला होतं.

लहान मुलांचं वेगळंच. त्यांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा, त्यामुळं ही कटकट दर पाच वर्षांनी. बाई-पोरं गावी आणि बाप गल्फमध्ये असेल तर आईवडील दोघांची संमती लागते, बापाचा कागद तिथल्या आपल्या दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचा, त्यात दिवस जातात. सगळं कुटुंब तिकडंच असेल तर मुलांचं तिकडंच सोपं पडतं.

तिकडं करण्यात एक भीती आहे ती मी लपवत नाही. नव्या पासपोर्टाची वाट बघत असताना घरी काही बरंवाईट झालं तर? माझ्या त्या सतरा दिवसांत बाबांना तापानं बेळगावच्या केएलई हॉस्पिटलात ॲडमिट केलं होतं, तीन रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपलो. तत्काळ आहे, अगदीच वेळ आली तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण त्याच्यावर फक्त भारतात येता येतं, परत जाता येत नाही, परतायला पासपोर्टच लागतो. म्हणून घरात कुणी आजारी असेल, तब्येतीचं धरसोड चालू असेल, तर तो महिना टाळा. नऊ-दहा महिने आधी सुरू केलं की महिना निवडायला जागा राहते, सहा महिन्यांच्या खाली व्हॅलिडिटी आली की मग व्हिसा, तिकीट सगळीकडंच अडचण.

आत्याच्या मुलाला मी सांगितलं, तुझं नाव सगळीकडं सारखं आहे, दुरुस्ती काही नाही, घरी आत्या एकटी, दाराशी कुणी आलं तर ती बिचारी काय सांगणार. गणपतीला आता तीन महिने आहेत, पुढच्या आठवड्यात तिथंच अपॉइंटमेंट घे, नवा पासपोर्ट घेऊनच ये. पैसे जास्त जातील हे त्यालाही कळतंय, थोडा विचार करतो म्हणाला. काल रात्री आत्याचा फोन आला, कपाटातलं त्याचं मार्क्सकार्ड सापडलंय, फोटो काढून कसा पाठवायचा विचारत होती.