बंदुकीचा सुटा भाग मागवायचा: घरी, डीलरकडे की थेट कंपनीत?

एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाचा, दात झिजला की पुंगळी नळीतच अडकते. रिकॉइल स्प्रिंग थकली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, नीट पुढे येत नाही. अमेरिकेत स्वतःची बंदूक बाळगणाऱ्याला कधी ना कधी एखादा भाग बदलावाच लागतो आणि त्याचे सरळ मार्ग तीन. भाग घरी मागवायचा, परवानाधारक डीलरच्या पत्त्यावर मागवायचा, किंवा अख्खी बंदूक कंपनीकडे पाठवून काम करून घ्यायचं. किंमत आणि वेळ यांची तुलना सगळेच करतात. कायद्याची तुलना त्याआधी करायला हवी, कारण काही भाग नुसते कपाटात ठेवणं हाही इथे फेडरल गुन्हा आहे.

सगळा निर्णय एका गोष्टीवर येऊन ठेपतो: कायदा कशाला बंदूक म्हणतो? १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे बाकी सगळं ज्यावर बसतं तो सांगाडा, हीच एकटी पूर्ण बंदूक. त्यात ना नळी, ना चाप, तरी कायद्याने ती बंदूकच. उलट स्प्रिंगा, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, दस्ता, स्लाइड, बहुतेक नळ्या हे फेडरल कायद्यापुरते साधे सुटे भाग. टपालाच्या बाबतीत हा कायदा इतका काटेकोर का, याचं उत्तर १९६३ मध्ये आहे. केनेडींवर गोळी झाडलेली रायफल खोट्या नावाने, डॅलसमधल्या पोस्ट बॉक्सवर टपालाने मागवलेली होती. त्यानंतरच सामान्य ग्राहकाच्या पत्त्यावर राज्याबाहेरून बंदूक पाठवण्याची वाट बंद झाली.

कुठला भाग ‘बंदूक’ हे मात्र मॉडेलगणिक बदलतं आणि इथे घाई करू नका. एआर-१५ रायफलीत तो मान खालच्या रिसीव्हरचा, त्यामुळे नळीसकट वरचा भाग घरी येतो. रूगर मार्क ४ पिस्तुलात नेमकं उलट: तिथे नळीसकट वरच्या भागावरच सीरियल नंबर आणि कायद्याची बंदूकही तोच. सिग कंपनीच्या पी३२० पिस्तुलात हातात येणारी प्लास्टिकची मूठ हा सुटा भाग; आतलं चापाचं यंत्र, ज्याला फायर कंट्रोल युनिट म्हणतात, ती बंदूक. नुसता कोरलेला नंबर बघूनही भागत नाही. ग्लॉक पिस्तुलाच्या नळीवर आणि स्लाइडवरही नंबर असतो, पण कायद्याला मोजायची असते ती फ्रेमच. मॅन्युअल उघडा, शंका राहिली तर कंपनीला फोन करा, मगच ऑर्डर द्या.

घरपोच

लहान भागांसाठी हाच मार्ग योग्य. फॉर्म नाही, पार्श्वभूमी तपासणी नाही, आणि असे भाग टपाल खातंही स्वीकारतं. पण ‘फ्रेम नाही ना, मग काहीही चालेल’ या समजुतीने लोक गोत्यात येतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली अडचण लांबीची. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. आखूड नळी टपालाने बिनदिक्कत येते. ती रायफलवर चढवली की गुन्हा. घरात तिचा दुसरा कुठलाही कायदेशीर उपयोग नसेल तर चढवायच्या आधीही सरकार बोट ठेवू शकतं. थॉम्पसन/सेंटर या बंदूक कंपनीच्या १९९२ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर याच धर्तीचा प्रश्न होता; तिथे कंपनी सुटली, कारण तिच्या किटमधल्या भागांची कायदेशीर जोडणीही शक्य होती. पिस्तुलाला खांद्याचा दस्ता लावणंही याच कलमात येतं.

दुसरी अडचण सायलेन्सरची. त्याच्या जोडणीपुरताच बनवलेला आतला प्रत्येक भाग कायद्याने स्वतंत्र सायलेन्सर ठरतो. खराब झालेली चकती बदलण्यासाठी नवी घरी मागवता येत नाही. सायलेन्सर परवानाधारक उत्पादकाकडेच पाठवावा लागतो. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलरचा कर शून्य झाला, म्हणून अनेकांना बंधनच उठलं असं वाटतं. कर गेला, नोंदणी राहिली. आणि बंदूक आपोआप गोळ्या झाडेल असं करणारा भाग, मग तो नखाएवढा का असेना, एकटाच मशीनगन मानला जातो. परदेशी संकेतस्थळांवर असले भाग निरुपद्रवी नावाने विकतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

परदेशातून साधा भाग मागवतानाही मर्यादा आहे. एका व्यवहारात १०० डॉलरपर्यंत घाऊक किमतीचे बंदुकीचे किरकोळ भाग आयात परवान्याशिवाय चालतात, पण नळी, रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, फ्रेम आणि पूर्ण ब्रीच यंत्रणा (नळीचं मागचं तोंड बंद करणारी) या सवलतीत बसत नाहीत. परदेशी बनावटीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत भाग बदलणार असाल तर आणखी एक हिशोब: ठरवून दिलेल्या यादीतले आयात केलेले भाग जोडणीत १० पेक्षा जास्त होता कामा नयेत. अशा रायफलीला अमेरिकन बनावटीचा भाग घेणं नेहमीच सोयीचं.

मग राज्याचे कायदे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन मागवता येत नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यानुसार जुलै २०२७ पासून सुटी नळीसुद्धा डीलरकडे समोरासमोरच घ्यावी लागेल. विक्रेत्याने पार्सल पाठवलं म्हणजे ते तुमच्या राज्यात कायदेशीर आहे, असं समजू नका.

डीलरमार्फत

फ्रेम किंवा रिसीव्हर विकत घ्यायचा तर दुसरा मार्ग नाही. विक्रेता तो तुमच्या जवळच्या परवानाधारकाकडे पाठवतो, तुम्ही तिथे ओळखपत्र घेऊन जाता, ४४७३ नंबरचा फॉर्म भरता, पार्श्वभूमी तपासणी होते. ओळखपत्रावर राहता पत्ता हवा. पोस्ट बॉक्स चालत नाही. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुनाच पत्ता असेल तर चालू पत्त्याचा दुसरा सरकारी कागद सोबत न्या, नाहीतर हेलपाटा ठरलेला. नुसती फ्रेम ही ना रायफल ना शॉटगन, त्यामुळे ती तुम्ही राहता त्याच राज्यातल्या डीलरकडून घ्यावी लागते. शेजारच्या राज्यात स्वस्त मिळाली म्हणून तिथे जाऊन आणता येत नाही. डीलरची फी वर लागते, पण एक मोठी जमेची बाजू आहे: राज्याचे नियम त्याला रोज पाळावे लागतात, म्हणून तुमच्या नजरेतून सुटलेली गोष्ट तो पार्सल उघडण्याआधीच सांगतो. मित्राच्या नावावर फ्रेम मागवून घेणं हा फेडरल गुन्हा आहे. नात्यातल्या माणसासाठीही तसं करू नका.

बंदूकच कंपनीकडे

हा मार्ग लोकांना सगळ्यात किचकट वाटतो. माझ्या मते चाप, सेफ्टी किंवा फ्रेमचा प्रश्न असेल तर हाच पहिला विचारात घ्यावा. दुरुस्तीसाठी राज्याबाहेरच्या परवानाधारक उत्पादकाकडे किंवा गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) स्वतःची बंदूक पाठवायला फेडरल कायदा परवानगी देतो आणि काम झाल्यावर ती थेट तुमच्या घरी परत येऊ शकते. डीलर मध्ये लागत नाही, फॉर्मही लागत नाही. फ्रेमच तडकली असेल आणि कंपनीने त्याच जातीची, त्याच प्रकारची नवी बंदूक बदलून दिली, तरी हीच सवलत आहे. ती तुम्हालाच मिळते. तुमच्या वतीने दुसरं कुणी दुरुस्त बंदूक आणायला गेलं तर त्याला फॉर्म भरावा लागतो. २०१७ मध्ये सिगने पी३२० चा चाप सुधारून द्यायला घेतला, तेव्हा मालकांनी पिस्तुलं कंपनीकडेच पाठवली होती.

नंबर बदलतो तिथे काळजी घ्या. न्यू यॉर्कमध्ये पिस्तुलाचा नंबर परवान्यावर नोंदलेला असतो, हवाईत सगळ्याच बंदुकांची नोंदणी असते. अशा ठिकाणी नवा नंबर आधी कागदावर चढवावा लागतो, आणि काही कंपन्या बदली बंदूक डीलरकडेच पाठवतात. जुना नंबर खोडलेला किंवा घासून वाचता येत नसेल तर आधी वकिलाला विचारा, कारण नंबर खोडलेली बंदूक जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे.

पाठवण्याची अडचण खरी आहे. मोठ्या खाजगी कुरिअर कंपन्या सामान्य ग्राहकाकडून बंदूक सहसा घेत नाहीत, आणि पिस्तूल टपालात टाकण्यावर १९२७ च्या कायद्याने बंधन घातलं. म्हणून आधी कंपनीला फोन करून पाठवण्याची त्यांची पद्धत विचारा. नाहीतर जवळच्या डीलरकडून पाठवा. परत येताना सही करून घ्यायला घरी कुणीतरी लागतं, कारण बंदुकीचं पार्सल सहीशिवाय देण्याची वाहकाला मुभा नाही.

आपल्या मंडळींसाठी दोन गोष्टी वेगळ्या. एच-१बी, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळातच बंदी आहे. चालू हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. व्हिसावर असताना फ्रेम मागवणं म्हणजे इथलं वास्तव्यच पणाला लावणं.

आणि गावाकडच्या परवानाधारक काकांच्या जुन्या बंदुकीसाठी इथून एखादी स्प्रिंग किंवा पिन पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येतच येतात आणि आयातीला वेगळा परवाना लागतो; अमेरिकेतून बाहेर पाठवायला इथले निर्यात नियम आहेतच. काकांनी त्यांच्या जिल्ह्यातल्या परवानाधारक शस्त्र दुरुस्ती दुकानात बंदूक दाखवावी, परवाना सोबत घेऊन.