सांगलीतला रविवारचा कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचा क्लास, बीकॉम बीबीएवाल्यांनी करावा का?

सहा रविवार, सकाळी ९ ते १२, फी २,४०० नोट्ससकट. बॅचला आम्ही वीसेक जण होतो, बहुतेक बीबीए-बीकॉमचे आणि दोन दुकानदार काका. मी ५ पैकी ४ देतेय, एक का कापला ते खाली लिहिते.

कॉलेजला आम्हाला बिझनेस लॉ आहे पण तिथे ऑफर, ॲक्सेप्टन्स (होकार), कन्सिडरेशन (मोबदला) पाठ करायचं, पेपरला उतरवायचं आणि विसरायचं असं चालतं. घरी पप्पांचं पशुखाद्याचं दुकान आहे, सरकी पेंड, कांडी, भुसा, रोजचे सौदे सगळे फोनवर आणि तोंडी. कॉलेजात पाठ करतो ते आणि दुकानात चालतं ते एकच आहे हे मला दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

सरांनी सुरुवातच खामगावच्या केसने केली. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्याने खामगावच्या जिनिंग-ऑइल मिलवाल्यांशी ट्रंक कॉलवर सौदा केला, आणि माल कसला तर सरकी पेंड! मी ताडकन सरळ बसले. माल आला नाही म्हणून अहमदाबादवाल्याने तिथल्याच कोर्टात दावा लावला, खामगाववाले म्हणाले आम्ही हो म्हणालो ते खामगावात बसून, मग केस इकडे चालवा. सुप्रीम कोर्टाने बहुमताने ठरवलं की फोनवर 'हो' जिथे ऐकू येतं तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबाद. पत्राचं वेगळं आहे, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ४ प्रमाणे होकाराचं पत्र पोस्टात पडलं की ऑफर देणारा बांधला जातो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र विरोधात मत दिलं होतं, त्यांचं म्हणणं कायद्याचे शब्द बघा, ते फोनलाही लागतात, म्हणजे करार खामगावात झाला. सरांनी फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले, कायदा १८७२, टेलिफोन १८७६ (म्हणजे कायदा लिहिला तेव्हा फोन नव्हताच), आणि आम्हाला अर्धा तास भांडू दिलं. मला अजूनही हिदायतुल्लांचं पटतं.

दुसऱ्या रविवारी स्टँप पेपर. आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत की स्टँपवर लिहिलं नाही म्हणजे करार नाही आणि स्टँपवर लिहिलं म्हणजे संपलं, पक्कं. दोन्ही चूक. कलम १० ला हवं काय तर मोकळी संमती, करार करायला लायक माणसं, कायदेशीर मोबदला, कायदेशीर हेतू आणि कायद्याने रद्द ठरवलेल्या यादीत तो करार नको. लेखी पाहिजेच असं सरसकट नाही (जमीन-घर विक्रीसारख्या गोष्टींना वेगळे कायदे आहेत, तिथे लेखी आणि नोंदणी लागते). स्टँप कमी असेल तर ड्युटी आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो कागद पुराव्यात घेत नाही, पण स्टँप लावून मुळात चुकीचा करार बरोबर होत नाही. सतरा वर्षांच्या पोराची सही घेतली तर स्टँप कितीचाही असो, त्याच्यावर करार लादता येत नाही. त्यावर १९०३ ची मोहोरी बीबीची केस, धर्मोदास घोष कायद्याने सज्ञान नसताना सावकाराने त्याची मालमत्ता गहाण घेतली आणि प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनचं सर्वोच्च अपील कोर्ट) तो व्यवहार शून्य ठरवला.

आणि चौथा रविवार, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. सरांनी सांगितलं होतं घरातला कोणताही करार आणा, नाव आणि नंबर कागदाने झाकून. मी काकांचा जामीनपत्राचा झेरॉक्स नेला. काकांनी मित्राच्या कर्जाला एका पतसंस्थेत सही केलेली, मित्राने हप्ते थांबवले आणि नोटीस काकांना आली. घरात सगळे म्हणत होते आधी त्याचं घर विका, मग आमच्याकडे या. सरांनी कलम १२८ वाचून दाखवलं, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कर्ज देणाऱ्याने आधी कर्जदाराच्या मागे लागलंच पाहिजे असं काही नाही. मला रडू आलं खरं सांगते, कारण काकांनी दोन वर्षं स्वतःला मूर्ख म्हणत तो हप्ता भरलाय आणि कोणीच त्यांना पुढचं सांगितलं नव्हतं. पुढचं म्हणजे कलम १४५, जामीनदाराने रीतसर भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा त्याला हक्क आहे. आणि १३३, जामीनदाराला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. वसुलीला मुदत असते, पैसे भरल्यापासून तीन वर्षं. मी ब्रेकमध्येच काकांना फोन केला की पावत्या फेकू नका. आता त्या सगळ्या एका फाईलला लागल्यात आणि वकिलांकडे दाखवून झाल्यात.

आता कापलेला एक स्टार. नुकसानभरपाईला शेवटच्या दिवशी जेमतेम दीड तास मिळाला, धंद्यात सगळ्यात जास्त लागणारा भाग तोच. १८५४ ची हॅडली केस पळत पळत झाली, गिरणीचा शाफ्ट पोचवायला वाहतूकवाल्याने उशीर केला, गिरणी बंद राहिली, पण बुडालेला नफा मिळाला नाही कारण शाफ्टशिवाय गिरणी बंद पडेल हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याशी रोज बोलणाऱ्यांना यावर कितीतरी विचारायचं होतं. कलम ७४ तर पाच मिनिटांत, करारात 'रोज ५,००० दंड' लिहिलं तरी कोर्ट योग्य तेवढीच भरपाई देतं आणि लिहिलेल्या आकड्याच्या वर जात नाही, एवढं सांगून संपलं. व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरचा विषय निघाला आणि राहून गेला. नोट्स इंग्लिशमध्ये, झेरॉक्स फिकट, मराठी मीडियमवाल्यांची पंचाईत होते. व्हॉइड आणि व्हॉइडेबल यात माझ्या शेजारची मुलगी तीन आठवडे गोंधळली, शेवटी दुकानदार काकांनी समजावलं, व्हॉइड म्हणजे करार मुळात नाहीच, व्हॉइडेबल म्हणजे ज्याला फसवलं किंवा दमदाटी केली तो मोडू शकतो, त्याने नाही मोडला तर चालू. इतकं साधं वाक्य नोट्समध्ये असायला पाहिजे होतं. एक रविवार ऐनवेळी पुढे ढकलला, मिरजेवरून येणाऱ्या पोरी दारातून परत गेल्या, मेसेज तरी टाकायचा.

नुसते मार्क हवे असतील तर कॉलेजचं गाइड पुरतं, २,४०० घालवू नका. घरात धंदा असेल किंवा पुढे करायचा असेल तर जा. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टची बेअर ॲक्टची (नुसती मूळ कलमं असलेली) पातळ पुस्तिका पहिल्या दिवसाआधीच घ्या, सर कलमं त्यातूनच वाचायला लावतात. आणि चौथ्या रविवारी घरातला एखादा कागद नक्की न्या, जामीनपत्र असेल तर तेच.