इंटरव्ह्यूसाठी वीस कप्प्यांची फाईल : कोणती घ्यावी, कशी भरावी

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी. कुठल्याही फौंड्रीच्या नाहीतर मशिनशॉपच्या गेटवर फ्रेशर पोरांच्या काखेत एकच फाईल दिसते. काळी, चेन लावलेली, चामड्याचा भास देणारी. महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत स्टेशनरीवाला आधी हीच काढून दाखवतो. दिसायला रुबाबदार, पण इंटरव्ह्यूच्या टेबलावर तिचा उपयोग सगळ्यात कमी. चेन ओढायची, आतला कागदांचा गठ्ठा उपसायचा, हवी ती मार्कलिस्ट शोधायची, तोवर समोरचा माणूस मोबाईल बघायला लागतो. तिच्याच शेजारी शंभर-सव्वाशेला वीस कप्प्यांची साधी डिस्प्ले फाईल लटकलेली असते. कामाची वस्तू ती.

पण तिच्यातही प्लास्टिकच्या दोन जाती आहेत, पीव्हीसी आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन), आणि फसगत इथंच होते. पीव्हीसीचे कप्पे काचेसारखे लख्ख, मऊ, हाताला किंचित चिकट. नवीन फाईल उघडली की रेनकोटसारखा वास येतो. पीपीचे कप्पे जरा दुधाळ, बोटात चुरगाळले की कुरकुरतात. लख्ख दिसतात म्हणून लोक पीव्हीसीचे उचलतात. आता पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं. आणि झेरॉक्सचा टोनर म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लास्टिकचीच पूड. दोन्ही एकमेकांना दाबून राहिले की टोनर मऊ पडतो आणि कागद सोडून कप्प्याला चिकटतो. दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत फाईल राहिली तर आणखी लवकर. मग ऐनवेळी कागद ओढला की टक्केवारी प्लास्टिकवर आणि कागदावर पांढरे ठिपके. कव्हरच्या आत त्रिकोणी खूण असेल तर आकडा बघा: ५ म्हणजे पीपी, ३ म्हणजे पीव्हीसी. मात्र कव्हर एका प्लास्टिकचं आणि कप्पे दुसऱ्या, असंही असतं. त्यामुळं कप्पा चुरगाळून बघायचाच. पीपीचा आणखी एक फायदा: ट्यूबलाईटखाली कमी चमकतं. लख्ख कप्प्यातला कागद वाचायला समोरच्याला फाईल तिरकी करावी लागते.

आकार ‘एफएस’ (फुलस्केप) मागा, ए-फोर नको. रेझ्युमे ए-फोर असतो हे खरं, पण शिक्षणात वर्षाचा खंड असेल तर गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट स्टॅम्पपेपरवर असतं, आणि स्टॅम्पपेपर ए-फोरपेक्षा लांब. ए-फोर फाईलमध्ये त्याचं टोक वरून बाहेर राहतं, मुडपतं, आणि पावसात पहिलं तेच भिजतं. एफएस कप्प्यात ए-फोर कागद थोडा सरकतो, तेवढं चालवून घ्यायचं.

दुकानात आणखी एक बघा. कप्प्याचा तळ उष्णतेनं चिकटवलेला असतो. दोन बोटांनी दोन्ही बाजूंना हलकेच ताणला तर कळतं. एका कप्प्यात पाठीला पाठ लावून दोनच कागद. चार-पाच कोंबले की तळ उसवतो आणि कागद खालून गळतात, तेही बहुतेक जिन्यात. फ्रेशरला वीसपैकी दहा-बारा कप्पे पुरतात. तरी दहाची घेऊ नका, कोंबाकोंबी तिथूनच सुरू होते.

आता भरायची कशी. सगळे जण पहिल्या कप्प्यात रेझ्युमे ठेवतात, आणि ही जागा वाया घालवणं आहे. रेझ्युमे आधीच त्यांच्या हातात असतो. फाईल उघडून, त्यांच्याकडे तोंड करून दिली की पहिलं जे पान दिसतं त्यावरच पहिला प्रश्न येण्याची शक्यता जास्त. म्हणून तिथं प्रोजेक्टचं एक पान. एकच, मोठ्या अक्षरात. काय अडचण होती, ग्रुपमधल्या चौघांत तुमच्या वाट्याला नेमकं काय होतं, काय मोजलं, किती आलं, आणि काय जमलं नाही.

कोल्हापूरच्या फौंड्रीत प्रोजेक्ट केलेल्यांची गाडी इथं हमखास अडकते. ‘कास्टिंग रिजेक्शन कमी केले’ असं वाक्य असतं आणि पुढं काहीच नाही. कुठला डिफेक्ट? कुठल्या पार्टवर? आधी शंभरात किती जात होते, नंतर किती? किती दिवसांचा हिशोब? ‘ब्लोहोल’ (वायू अडकून राहिलेली पोकळी) लिहिलं की पुढचा प्रश्न साच्याच्या वाळूतल्या ओलाव्याचा आणि व्हेंटचा, म्हणजे वायू बाहेर जायच्या भोकांचा. ‘श्रिंकेज’ (धातू थंड होताना आकसून पडलेली पोकळी) लिहिलं की रायझर, म्हणजे आकसताना जादा धातू पुरवणारा साठा, कुठं दिला होता आणि तिथंच का. ‘सँड इन्क्लूजन’ लिहिलं तर साच्याची वाळू कुठून सुटली, गेटिंगमध्ये (धातू साच्यात नेणाऱ्या वाटांत) धातूचा वेग किती, इथपर्यंत जातात. जे लिहाल त्याच्या खालचे दोन प्रश्न येत नसतील तर तो शब्द पानावरून काढा. मशिनशॉपवाल्यांचंही तेच. ‘इन्स्पेक्शन केले’ लिहिलेल्याच्या हातात व्हर्नियर आणि एक जॉब (मशिनवर तयार झालेला भाग) ठेवतात. मुख्य पट्टीचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरवर ५० भागांत विभागलेले, म्हणून लघुतम माप ०.०२ मिलिमीटर, हे पाठ असून भागत नाही. आधी जबडे मिटवून शून्य जुळतं का बघायचं, हे जो न सांगता करतो त्याच्याकडं समोरचा माणूस जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

दुसऱ्या कप्प्यात ड्रॉइंग, एकच. ए-थ्री कागद अर्धा दुमडताना टायटल ब्लॉक, म्हणजे उजवा खालचा कोपरा, बाहेरून दिसेल असा दुमडायचा. झेरॉक्सवाल्यानं ‘फिट टू पेज’वर प्रिंट मारली असेल तर ‘स्केल १:१’ हे खोटं ठरतं. हाताशी स्टीलपट्टी असलेला माणूस ते लगेच पकडतो. ड्रॉइंगमध्ये वस्तूच्या बाजू (व्ह्यू) मांडायची आपल्याकडं फर्स्ट अँगलची पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्ये थर्ड अँगल तसाच राहिलेला असेल तर व्ह्यू आणि चिन्ह तपासून मगच प्रिंट.

पुढं इनप्लांट ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मग मार्कलिस्ट. ताजी आधी, दहावी शेवटी. एटीकेटी लागलेल्या सेमिस्टरची मार्कलिस्ट गाळू नका. क्रम तुटलेला लगेच दिसतो आणि मग तोच विषय लांबतो. कुठला विषय, कधी सुटला, एवढं एका वाक्यात सांगता येतं. मार्कलिस्ट लॅमिनेट केलेली असेल तर पुढं पडताळणीचा शिक्का मारायला अडचण येते, शिवाय प्लास्टिक सोलताना कागद फाटतो. ज्यांनी अजून केलेली नाही त्यांनी करू नये. फाईलमध्ये स्वयंसाक्षांकित झेरॉक्सच ठेवायच्या. कॉल लेटरमध्ये मागितली असतील तरच मूळ कागदपत्रं न्यायची, वेगळ्या पाकिटात, आणि दाखवून लगेच परत घ्यायची. आधारची प्रत फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी काढा, तशी डाउनलोड होते. डोमिसाईल, जातीचा दाखला वगैरे त्यानंतरच्या कप्प्यांत.

सगळ्यात मागच्या दोन कप्प्यांत रेझ्युमेच्या चार प्रती, १०० जीएसएम कागदावर, स्टेपल न करता. पिनेचं टोक कप्पा फाडतं. फोटोही गोंदाच्या कांडीनंच. रेझ्युमेच्या तळाशी डिक्लरेशनखाली तारीख असते. मागच्या कंपनीच्या वेळची तशीच राहिलेली असते आणि ती बघूनच कळतं की हा कागद आधी कुठं कुठं फिरून आलाय.

डिस्प्ले फाईलचा दोष सांगायचा तर क्रम बदलता येत नाही. आज फौंड्री, परवा डिझाईनचं काम, असं असेल तर प्रत्येक वेळी सगळे कागद उपसा आणि पुन्हा भरा. अशा वेगवेगळ्या कामांसाठी जाणाऱ्यांनी डी-रिंगची फाईल आणि अकरा छिद्रांचे सुटे कप्पे घ्यावेत. अख्खं पान उचलून पुढं-मागं करता येतं. पण ती जाड, जड आणि रिंग मिटताना खटकन वाजते. पाच-सहा ठिकाणी एकाच प्रकारच्या कामासाठी जाणाऱ्याला डिस्प्ले फाईलच बरी.

पावसापुढं मात्र दोन्ही सारख्याच. कप्पे वरून उघडे असतात. फाईल उभी धरून टू-व्हीलरवर निघालात तर पाणी थेट आत. वरून प्लास्टिकची पिशवी, तोंड खाली दुमडून, आणि फाईल सॅकमध्ये पाठीच्या बाजूला. (आणि पंचगंगा चढलेली असेल तर आधी कंपनीत फोन करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवे शिरोलीजवळ बंदच होता, तिथं फाईल कोरडी असून उपयोग नाही.)

एक बारीकसं राहिलं. कव्हरवरचं किमतीचं स्टिकर नखानं खरवडलं की चिकट डाग राहतो आणि दोन दिवसांत त्यावर काळी धूळ बसते. खोबरेल तेलाचे दोन थेंब पाच मिनिटं ठेवून फडक्यानं पुसलं की जातं. कागद भरायच्या आधी पुसा. तेलाचं बोट मार्कलिस्टला लागलं तर तो डाग निघत नाही.